आयन क्रोमॅटोग्राफ पाहायला जाताना खाडीकाठचे पाणी बरोबर न्यावे

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात जयगडच्या खाडीकाठच्या एका विहिरीवरून मी एक-एक लिटरच्या चार बाटल्या भरून आणल्या. विहिरीचा तळ दिसू लागला होता, पाण्याला मचूळ चव होती, आणि रहाटाजवळ उभ्या असलेल्या काकी म्हणाल्या, “ताई, मिरग पडेपर्यंत हे पाणी फक्त भांडी घासायला.” प्रयोगशाळेत येऊन सिल्व्हर नायट्रेटने टायट्रेशन केले, तेव्हा क्लोराइड लिटरला सुमारे अठराशे मिलिग्रॅम निघाले. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या मानकात क्लोराइडची स्वीकार्य मर्यादा २५० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर चालवून घेण्याची मर्यादा १००० मिलिग्रॅम आहे. यंत्र किती परत दाखवते हे पाहण्यासाठी त्या चारपैकी दोन बाटल्यांत मी मोजून लिटरला दहा मिलिग्रॅम नायट्रेट आणि अर्धा मिलिग्रॅम नायट्राइट मिसळले, चारही बाटल्या बर्फाच्या खोक्यात ठेवल्या आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. घाई एवढ्यासाठी की नायट्राइट आणि नायट्रेटच्या नमुन्यात काही मिसळून ते टिकवलेले नसेल, तर चार अंशांवर ठेवूनसुद्धा अठ्ठेचाळीस तासांच्या आत चाचणी उरकावी लागते. आम्हाला नवा आयन क्रोमॅटोग्राफ, म्हणजे पाण्यातले आयन एकमेकांपासून वेगळे करून मोजणारे यंत्र, घ्यायचा होता आणि दोन कंपन्यांनी लागोपाठच्या दोन दिवशी प्रात्यक्षिक ठेवले होते.

आमची प्रयोगशाळा रत्नागिरीत आहे. गावोगावच्या विहिरी आणि विंधन विहिरी, बाटलीबंद पाण्याचे छोटे कारखाने, मासळी प्रक्रिया करणारे उद्योग आणि औद्योगिक वसाहतींतले सांडपाणी, असे नमुने आमच्याकडे येतात. पहिले यंत्र आम्ही काही वर्षांपूर्वी घेतले, तेव्हा माझ्यासकट कोणीही आपले पाणी बरोबर नेले नव्हते. कंपनीच्या माणसाने सात आयनांचे तयार स्टँडर्ड (माहीत प्रमाणाचे द्रावण) यंत्रात टोचले, पडद्यावर सात सुबक पीक (आलेखावरचे उंचवटे) एकामागून एक उभे राहिले, आणि आम्ही भारावून सही केली. पावसाळ्यात सगळे ठीक चालले. पुढच्या उन्हाळ्यात मचूळ विहिरींचे नमुने सुरू झाले, तशी क्लोराइडची पीक एवढी फुगली की तिच्या उताराखाली नायट्राइट पुरती गाडली गेली आणि नायट्रेटचा पाया सापडेना. त्या उन्हाळ्यात नायट्रेटचे कितीतरी अहवाल आम्हाला जुन्या वर्णमापी (रंगाची तीव्रता मोजण्याच्या) पद्धतीने पुन्हा काढावे लागले. यंत्रात काही बिघाड नव्हता. आम्हीच ते आमच्या नमुन्यांकडे न पाहता निवडले होते, आणि ही चूक दुसऱ्या कोणाकडून होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

ज्यांनी हे यंत्र जवळून पाहिलेले नाही, त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगते. नमुन्याचा अगदी थोडा भाग, साधारण वीस-पंचवीस मायक्रोलिटर, वाहत्या इल्युअंटमध्ये (आयनांना पुढे नेणाऱ्या क्षाराच्या द्रावणात) सोडला जातो आणि तो आयन-विनिमय रेझिन भरलेल्या कॉलममधून जातो. रेझिनला जो आयन कमी चिकटतो तो आधी बाहेर पडतो. नेहमीच्या ॲनायन (ऋणभारित आयन) कॉलमवर फ्लोराइड, क्लोराइड, नायट्राइट, ब्रोमाइड, नायट्रेट, फॉस्फेट आणि सल्फेट असा क्रम लागतो. शेवटी विद्युतवाहकता मोजणारा डिटेक्टर असतो. अडचण अशी की इल्युअंट स्वतःच मीठ असल्यामुळे त्याचीही वाहकता मोठी असते आणि तिच्यापुढे नमुन्यातल्या आयनांचा संकेत दबून जातो. १९७५ साली डाऊ केमिकलमधल्या हॅमिश स्मॉल, टिमोथी स्टीव्हन्स आणि विल्यम बॉमन यांनी यावर तोड काढली. कॉलम आणि डिटेक्टर यांच्यामध्ये त्यांनी एक दुसरा टप्पा बसवला. त्याला आज सप्रेसर म्हणतात. सप्रेसर सोडियमच्या जागी हायड्रोजन आयन देतो, त्यामुळे सोडियम कार्बोनेटचे जेमतेम वाहक असलेले कार्बोनिक आम्ल होते आणि नमुन्यातल्या सोडियम क्लोराइडचे हायड्रोक्लोरिक आम्ल होते. सोडियम आयनाची मोलर वाहकता पन्नासच्या आसपास आणि हायड्रोजन आयनाची साडेतीनशेच्या आसपास आहे. म्हणजे पार्श्वभूमी खाली जाते आणि त्याच वेळी संकेत कित्येक पट वर येतो. या एका कल्पनेवर सगळा बाजार उभा राहिला आहे.

त्याच साली त्या शोधाचा परवाना घेऊन डायोनेक्स ही कंपनी निघाली आणि २०११ मध्ये ती थर्मो फिशरने विकत घेतली. दुसरे मोठे नाव मेट्रोम. ही कंपनी स्वित्झर्लंडमधल्या हेरिसाऊची असून १९४३ पासून आहे. जपानची शिमाझ्झुही हे यंत्र बनवते. अलीकडे चिनी बनावटीची यंत्रेही दरपत्रकांत दिसू लागली आहेत आणि त्यांचे आकडे पाहून संचालक मंडळाचे डोळे चमकतात. मी कोणत्याही एका नावाची शिफारस करणार नाही, कारण माझ्या अनुभवात नावापेक्षा तीन गोष्टी जास्त महत्त्वाच्या ठरल्या: सप्रेसरचा प्रकार, कॉलमची क्षमता (तो किती आयन धरू शकतो) आणि सर्व्हिस इंजिनिअर कुठे राहतो.

सप्रेसरबद्दल विक्रेते फार बोलतात आणि खरेदीदार फार कमी विचारतात. ढोबळपणे दोन प्रकार बाजारात आहेत. एका प्रकारात आयन-विनिमय पटल असते, विजेच्या साहाय्याने पाण्याचेच विघटन होऊन लागणारे हायड्रोजन आयन तयार होतात आणि वेगळे आम्ल भरावे लागत नाही. दुसऱ्यात रेझिन भरलेले छोटे कप्पे फिरत्या चकतीवर असतात. एक कप्पा कामात असतो, दुसरा सौम्य सल्फ्युरिक आम्लाने ताजा होतो आणि तिसरा पाण्याने धुतला जातो. पहिल्याची देखभाल सोपी आहे, बेसलाइन (पीक नसतानाची सपाट रेषा) सुरेख येते, पण पटल ही झिजणारी वस्तू आहे. जास्त दाब, लोह आणि सेंद्रिय पदार्थ यांनी ते निकामी होऊ शकते, शिवाय प्रवाह बंद असताना विद्युतप्रवाह चालू राहिला किंवा ते कोरडे पडले तर नुकसान होते. दुसरा प्रकार दाबाला आणि घाणेरड्या नमुन्यांना जास्त तोंड देतो, पण आम्लाची बाटली भरत राहावी लागते आणि फिरत्या भागाकडे लक्ष ठेवावे लागते. शहरातल्या वातानुकूलित, वीज न जाणाऱ्या प्रयोगशाळेत मी डोळे मिटून पहिला प्रकार घेतला असता. आमच्याकडे मात्र पावसाळ्यात एकेक दिवस वीज नसते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे अंधार होता. अशा ठिकाणी यंत्र आठवडाभर पडून राहिले तर सप्रेसर ओला कसा ठेवायचा, हा प्रश्न खरेदीच्या टेबलावरच विचारला पाहिजे.

इल्युअंटचाही असाच निर्णय असतो. कार्बोनेट-बायकार्बोनेटचे मिश्रण आपण स्वतः वजन करून बनवू शकतो आणि ते स्वस्त पडते. हायड्रॉक्साइडमध्ये पार्श्वभूमी फार खाली येते, ग्रेडियंट चालवता येतो (म्हणजे चाचणी चालू असताना इल्युअंटची तीव्रता बदलत नेता येते) आणि सूक्ष्म प्रमाणात मोजणे सोपे जाते. पण हाताने बनवलेले हायड्रॉक्साइड हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून बिघडते, म्हणून ते यंत्रातच पाण्यापासून विजेने तयार करणारा जनरेटर घ्यावा लागतो. त्याची कार्ट्रिज ठरावीक काळाने संपते आणि ती त्याच कंपनीकडून घ्यावी लागते. मिलिग्रॅमच्या पातळीवर पिण्याचे पाणी तपासायचे असेल तर कार्बोनेट पुरते, हे माझे मत आहे. ब्रोमेट मोजायचे असेल तर हिशेब बदलतो.

ब्रोमेटचा विषय कोकणात दुर्लक्षून चालणार नाही. बाटलीबंद पाण्याचे कारखाने निर्जंतुकीकरणासाठी ओझोन वापरतात. पाण्यात ब्रोमाइड असेल तर ओझोनमुळे त्याचे ब्रोमेट होते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मूल्यानुसार ब्रोमेट लिटरला १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त असू नये. आता ब्रोमाइड येते कुठून, तर समुद्रातून. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण १९ हजार मिलिग्रॅम क्लोराइड आणि ६५-६७ मिलिग्रॅम ब्रोमाइड असते. किनाऱ्याजवळच्या विंधन विहिरीत शंभर भागांत पाच भाग जरी समुद्र शिरला, तरी क्लोराइड हजाराच्या घरात पोचते आणि ब्रोमाइड तीन मिलिग्रॅमच्या पुढे जाते. रिव्हर्स ऑस्मोसिसने त्यातले बरेचसे निघते, पण सगळे निघत नाही. म्हणून किनारपट्टीवरच्या बाटलीबंद पाण्याच्या नमुन्यांचे काम घ्यायचे असेल, तर खरेदी करतानाच मायक्रोग्रॅम पातळीवरचे ब्रोमेट दाखवून घ्यावे. ब्रोमेटची पीक क्लोराइडच्या अगदी शेजारी येते, त्यामुळे ते शुद्ध पाण्यात नव्हे, क्लोराइड असलेल्या पाण्यात दाखवून घ्यावे.

या क्लोराइड-ब्रोमाइड गुणोत्तराचा आणखी एक उपयोग आहे आणि तो मला स्वतःला फार मोलाचा वाटतो. समुद्रात वजनाने क्लोराइड ब्रोमाइडच्या जवळजवळ २९० पट असते. विहिरीच्या पाण्यात हेच गुणोत्तर आले, तर खारटपणा भरतीतून आला आहे. ते बरेच वर गेले, तर शौचालयाच्या खड्ड्याचा किंवा सांडपाण्याचा संशय घ्यावा लागतो, कारण घरातल्या मिठात ब्रोमाइड फारसे उरलेले नसते. आमच्या जांभ्याला भेगा आणि पोकळ्या फार, त्यामुळे वरच्या अंगाच्या खड्ड्यातले पाणी खालच्या विहिरीत सहज उतरते. एकाच इंजेक्शनमध्ये क्लोराइड, ब्रोमाइड आणि नायट्रेट तिन्ही दिसले की ग्रामपंचायतीला निदान दिशा तरी सांगता येते. टायट्रेशनच्या ब्युरेटने हे सांगता येत नाही, आणि एवढा पैसा या यंत्रात घालण्याचे माझ्या दृष्टीने मुख्य कारण हेच आहे.

आता प्रात्यक्षिकाकडे वळते. पहिल्या दिवशीच्या यंत्रावर माझा नमुना आहे तसाच टोचायला सांगितला, तेव्हा तिथल्या तरुण रसायनशास्त्रज्ञाने आधी नम्रपणे सुचवले की आपण तो शंभर पट पातळ करू या. पातळ केल्यावर क्लोराइड अर्थातच सुंदर आले, पण माझे अर्ध्या मिलिग्रॅमचे नायट्राइट पाच मायक्रोग्रॅमवर गेले आणि बेसलाइनच्या थरथरीत हरवले. मग दहा पट पातळ करून पाहिले. नायट्रेट दिसले, पण मिसळलेल्या दहा मिलिग्रॅमपैकी आठसुद्धा परत मिळाले नाहीत, आणि नायट्राइट क्लोराइडच्या खांद्यावर एका बारीक उंचवट्यासारखे राहिले, ज्याचे क्षेत्रफळ सॉफ्टवेअर प्रत्येक वेळी वेगळे काढत होते. त्यांनी सिल्व्हरची कार्ट्रिज वापरण्याचा उपाय सांगितला. नमुना तिच्यातून ढकलला की क्लोराइड सिल्व्हर क्लोराइड होऊन अडकते. उपाय खरा आहे, पण ती कार्ट्रिज एकदाच वापरायची असते, तिच्यापाठोपाठ निसटलेली चांदी पकडायला हायड्रोजन रूपातली दुसरी कार्ट्रिज लागते, आणि चांदी क्लोराइडबरोबर ब्रोमाइडही काढून टाकते. म्हणजे मला जे गुणोत्तर पाहायचे आहे तेच हातचे जाते. दर उन्हाळ्यात शेकड्याने येणाऱ्या नमुन्यांसाठी प्रत्येकी दोन कार्ट्रिजचा खर्च आमच्यासारख्या प्रयोगशाळेला परवडत नाही.

दुसऱ्या दिवशीच्या यंत्रावर जास्त क्षमतेचा कॉलम होता आणि वाहकतेच्या डिटेक्टरला जोडून अतिनील डिटेक्टर होता. नायट्राइट, नायट्रेट आणि ब्रोमाइड हे २१० ते २१५ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतात, क्लोराइड जवळजवळ शोषत नाही. पडद्यावर दोन रेषा एकाखाली एक उमटत होत्या. वरच्या रेषेत क्लोराइडचा डोंगर होता आणि खालच्या रेषेत त्याच वेळेला सपाट मैदान होते. त्या मैदानावर आधी नायट्राइटची छोटी, नीट टोकदार पीक उठली, मग ब्रोमाइड आले, मग नायट्रेट. मिसळलेल्या दहा मिलिग्रॅमपैकी पावणेदहा परत मिळाले. ब्रोमाइड सहा मिलिग्रॅमच्या थोडे वर आले, म्हणजे अठराशे क्लोराइडला साजेसे, आणि त्या विहिरीत समुद्रच शिरला आहे हे मुंबईत बसून कळले. मी त्या खालच्या रेषेचा कागद छापून मागून घेतला. संचालक मंडळाच्या बैठकीत कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा त्या एका कागदाने जास्त काम केले.

अतिनील डिटेक्टरमुळे दरपत्रकाची रक्कम वाढली हे खरे आहे. पण रकमेकडे पाहताना यंत्राची किंमत आणि पाच वर्षांचा खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मी आता कटाक्षाने सांगते. प्रत्येक विक्रेत्याकडून आम्ही पाच वर्षांचा तक्ता लेखी मागितला: कॉलम, गार्ड कॉलम (मुख्य कॉलमच्या आधी बसणारा छोटा संरक्षक कॉलम), सप्रेसर, पंपाचे सील, इंजेक्शन व्हॉल्व्हचे रोटर सील, कार्ट्रिज, वॉरंटी संपल्यानंतरचा देखभाल करार, आणि त्या करारात सुटे भाग धरलेले आहेत की फक्त मजुरी. जीएसटी धरून की वगळून, आणि दर रुपयांत की परकीय चलनात, हेही विचारले. सर्वांत स्वस्त यंत्राचे दरपत्रक या तक्त्यात सर्वांत महाग निघाले, कारण त्याचा कॉलम आणि सप्रेसर दुसऱ्या कोणाकडे मिळत नव्हता आणि करारात सुटे भाग नव्हते. गार्ड कॉलम काटकसरीसाठी वगळू नये. पावसाळ्याच्या तोंडावर जांभ्याच्या विहिरींत विरघळलेले लोह येते, ते ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून आरपार जाते आणि अल्कधर्मी इल्युअंटला भेटताच कॉलमच्या तोंडाशी साका धरते. तो साका गार्ड कॉलमवर बसलेला परवडतो.

दरपत्रकात न दिसणारा सर्वांत मोठा खर्च पाण्याचा आहे. या यंत्राला १८.२ मेगाओहम-सेंटीमीटर रोधकतेचे पाणी लागते, ते ताजे लागते, आणि साठवून ठेवले की बिघडते. मिनिटाला एक मिलिलिटर या हिशेबाने आठ तासांत इल्युअंट अर्धा लिटरच जातो, पण स्टँडर्ड, पातळ करणे, भांडी धुणे यात कितीतरी पट पाणी खर्च होते. ज्या प्रयोगशाळेला मे महिन्यात टँकरचे मचूळ पाणी मिळते, तिथे अतिशुद्ध पाण्याच्या संयंत्राच्या कार्ट्रिज अपेक्षेपेक्षा फार लवकर संपतात. आम्ही आता पावसाळ्यात पागोळीचे पाणी टाकीत साठवून या संयंत्राला देतो, आणि त्याने बराच फरक पडला आहे. समुद्राची हवासुद्धा इथे विचारात घ्यावी लागते. नैर्ऋत्येची खिडकी उघडी राहिली, तर उघड्या चंचुपात्रातल्या कोऱ्या पाण्यात संध्याकाळपर्यंत क्लोराइड आणि सोडियमची पीक दिसू लागते. घामट बोटाच्या एका स्पर्शाने तेच होते. म्हणून यंत्राच्या खोलीला दुहेरी दार, हातमोजे आणि कॅटायनांच्या (धनभारित आयनांच्या) स्टँडर्डसाठी काचेऐवजी पॉलिप्रॉपिलीनच्या बाटल्या, कारण काचेतून सोडियम सुटते, ही सगळी तयारी यंत्र येण्याआधी झालेली बरी.

अर्थिंगविषयीही एक अनुभव सांगते. जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत होते आणि अर्थिंगचा खड्डा नावापुरता उरतो. पहिल्या यंत्राच्या वेळी बेसलाइनवर ठरावीक अंतराने उड्या दिसत होत्या. पंप बदलला, डिगॅसर (इल्युअंटमधली विरलेली हवा काढणारा भाग) तपासला, नवा इल्युअंट केला, तरी उड्या जाईनात. शेवटी आमच्या इमारतीच्या वायरमनने मल्टिमीटर लावून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात आठ-नऊ व्होल्ट दाखवले, जे तीनच्या खाली असायला हवे होते. नवा खोल खड्डा खणून, त्यात कोळसा आणि मीठ घालून, उन्हाळाभर पाणी सोडत राहिल्यावर बेसलाइन शांत झाली. त्यामुळे ऑनलाइन यूपीएस तर घ्यावाच, पण आधी अर्थिंग मोजून घ्यावे. यंत्र शक्य असल्यास वरच्या मजल्यावर ठेवावे. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणमध्ये तळमजल्यावरच्या कितीतरी वस्तू एका रात्रीत गेल्या.

सर्व्हिसबद्दल विक्रेत्याला “तुमचा इंजिनिअर किती वेळात येईल” असे विचारू नये, कारण उत्तर नेहमी “चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत” असेच मिळते. तो कुठे राहतो, त्याच्या नावावर किती यंत्रे आहेत आणि गेल्या वर्षभरात कोकणात तो किती वेळा आला, हे विचारावे. जमल्यास तेच यंत्र वापरणाऱ्या किनाऱ्यावरच्या दुसऱ्या प्रयोगशाळेला फोन करून खात्री करावी. मुंबई ते रत्नागिरी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर, पावसात घाटरस्त्यावर दरड कोसळली की एक दिवस गेलाच. म्हणून पंपाचे सील, चेक व्हॉल्व्ह, नळ्यांचे जोड आणि गार्ड कॉलम आमच्या कपाटात असतात, आणि ते बदलण्याचे प्रशिक्षण आमच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या दोन मुलींनी इन्स्टॉलेशनच्या वेळीच हाताने करून घ्यावे, असे मी करारात लिहून घेतले. सॉफ्टवेअरचे थोडक्यात सांगते: औषध कंपन्यांचे काम असेल तर ऑडिट ट्रेल (कोणी, केव्हा, काय बदलले याची आपोआप राहणारी नोंद) आणि पासवर्डची व्यवस्था मागावी, नसेल तर जुन्या नोंदी पाच वर्षांनंतरही उघडतील एवढी खात्री करावी.

सरकारी किंवा विद्यापीठीय प्रयोगशाळांना जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून, दोन लिफाफ्यांच्या (तांत्रिक माहिती आणि दर वेगवेगळे देण्याच्या) पद्धतीने खरेदी करावी लागते आणि तांत्रिक अटी पूर्ण करणाऱ्यांत सर्वांत कमी दराची निविदा जिंकते. अशा वेळी सगळी लढाई तांत्रिक अटी लिहितानाच लढायची असते. “क्लोराइड, नायट्रेट, सल्फेट मोजता आले पाहिजे” एवढीच अट लिहिली तर कुठलेही यंत्र पात्र ठरते. “१५०० मिलिग्रॅम क्लोराइड असलेल्या पाण्यात ०.५ मिलिग्रॅम नायट्राइट आणि १० मिलिग्रॅम नायट्रेट ९० ते ११० टक्के परत मिळाले पाहिजे” असे लिहिले तर कोणत्याही कंपनीचे नाव न घेता आपल्या कामाचे यंत्र मिळते. नायट्रेटचा आकडा लिहिताना एकक स्पष्ट करावे. आयएस १०५०० मधली ४५ मिलिग्रॅमची मर्यादा नायट्रेट आयनाची आहे, नायट्रोजन म्हणून मोजले तर तीच दहाच्या जवळ जाते, आणि या गोंधळातून चुकीच्या पल्ल्याचे कॅलिब्रेशन झालेले मी पाहिले आहे.

ज्यांच्याकडे आठवड्याला पाच-दहाच नमुने येतात, त्यांनी हे यंत्र घेऊ नये असे मी स्पष्ट सांगते. क्लोराइडला टायट्रेशन, फ्लोराइडला इलेक्ट्रोड, सल्फेटला बेरियम क्लोराइडचा गढूळपणा आणि नायट्रेटला वर्णमापी या पद्धती अजूनही चोख आहेत. आयन क्रोमॅटोग्राफ रोज चालला तरच निरोगी राहतो. पडून राहिला की इल्युअंटमध्ये बुरशी धरते, झडपा चिकटतात, आणि महिन्याने सुरू करताना दोन दिवस बेसलाइन स्थिर होण्यातच जातात.

आम्ही दुसऱ्या दिवशीचे यंत्र घेतले. खरेदी आदेशात शेवटच्या दहा टक्के रकमेपुढे अट लिहिली की खाऱ्या नमुन्यात मिसळलेले आयन नीट परत मिळतात हे आमच्या टेबलावर सिद्ध झाल्यावर ती रक्कम दिली जाईल. विक्रेत्याने थोडी कुरकुर करून ती मान्य केली. यंत्र येईपर्यंत जुलै उजाडला, विहीर काठोकाठ गोड्या पाण्याने भरली होती आणि तिच्यातले क्लोराइड शंभराच्याही खाली आले होते. त्यामुळे मांडवीच्या जेटीवरून भरतीच्या वेळी समुद्राचे पाणी आणले. पावसात तेही पातळ झालेले असणार म्हणून आधी टायट्रेशन केले, मग लिटरला अठराशे क्लोराइड येईल असे पातळ केले आणि त्यात मोजून नायट्रेट व नायट्राइट घातले. इंजिनिअरच्या समोर तीनदा टोचले. नायट्रेट तिन्ही वेळा ९६ ते ९९ टक्के आणि नायट्राइट ९३ ते ९७ टक्के परत मिळाले, आणि त्याच संध्याकाळी उरलेल्या रकमेच्या धनादेशावर मी सही केली.